शांत वाटतंय, पण कुणाचं?

गेल्या महिन्यात एका मित्राकडे जेवणं झाल्यावर कडाक्याचं भांडण झालं, आणि गंमत म्हणजे ते शांत संगीतावरून झालं. यजमानानं टीव्हीवर तीन तासांचा एक व्हिडिओ लावून ठेवला होता. शेवाळलेल्या बागेचं चित्र, बारीक पाऊस आणि त्यावर थेंब पडावेत तसे इलेक्ट्रिक पियानोचे सूर. दुसऱ्या मित्राच्या घरी तबकड्यांचं कपाट आहे आणि त्याचा त्याला थोडा माजही आहे. त्यानं विचारलं, "हे कुणाचं?" "जपानी अँबियंट आहे," यजमान म्हणाला. "ते कळलं रे. कुणाचं?" मग शोधाशोध झाली. व्हिडिओखाली संगीतकाराचं नाव नव्हतं, वाद्यांचा उल्लेख नव्हता, साल नव्हतं. अगदी तळाशी एका बारीक ओळीत हे सगळं यंत्राकडून तयार करून घेतल्याची कबुली होती. कपाटवाला उसळला. ही फसवणूक आहे, ऐकायचं तर मूळ तबकडी आणून ऐक, नाहीतर ऐकूच नकोस. यजमानही हटणारा नव्हता. "मला शांत वाटतंय ना? मग कुणी केलं याच्याशी मला काय करायचंय? पाणी पिताना तू पाण्याला नाव विचारतोस का?" पुढचा दीड तास अस्सल की नक्कल आणि तबकडी की फोन यावर गेला. टीव्हीवरचा पाऊस मात्र पडतच होता.

दोघांनीही वाद चुकीच्या जागी नेला असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. तबकडी की फोन हा प्रश्न बिनमहत्त्वाचा आहे. मी स्वतः हे संगीत बहुतेक वेळा फोनवर, भांडी घासताना ऐकते. आणि "शांत वाटलं की झालं" हे म्हणणं ऐकायला उदार असलं, तरी ज्या संगीताबद्दल ते म्हटलं जातंय त्याची त्यात गाळण होते. अँबियंट म्हणजे एखाद्या जागेत पार्श्वभूमीला शांतपणे वाजत राहणारं संगीत. ऐंशीच्या दशकात जपानमध्ये तयार झालेल्या या संगीताचा मोठा भाग ठरावीक जागांसाठी, तिथला उजेड आणि तिथली वर्दळ लक्षात घेऊन, नावगाव असलेल्या माणसांनी केलेला आहे. त्याचा पत्ता फाडून टाकला तर उरतं ते वेगळंच काही असतं, झोपेच्या गोळीच्या जवळ जाणारं. हा पत्ता गेल्या दहा-पंधरा वर्षांत मोठ्या कंपन्यांनी जपला नाही, शिफारशी करणाऱ्या अल्गोरिदमनंही जपला नाही. तो जपला बोटांवर मोजता येतील अशा छोट्या, स्वतंत्र रेकॉर्ड लेबलांनी, म्हणजे तबकड्या काढणाऱ्या संस्थांनी. म्हणून या संगीताकडे लेबलांच्या वाटेनं जाणं मला शिष्टपणाचं वाटत नाही. उलट तीच सरळ वाट आहे.

पत्ता म्हणजे काय ते एका उदाहरणानं सांगते. टोकियोच्या शिनागावा भागात हारा म्युझियम नावाचं आधुनिक कलेचं एक छोटं संग्रहालय होतं. १९३८ साली बांधलेल्या एका खासगी बंगल्यात ते १९७९ मध्ये सुरू झालं. संगीतकार हिरोशी योशिमुरा तिथे गेले आणि मोठ्या खिडकीतून दिसणाऱ्या अंगणातल्या झाडांनी त्यांना धरून ठेवलं. त्या सुमारास ते घरी एक कीबोर्ड आणि एक फेंडर ऱ्होड्स हा इलेक्ट्रिक पियानो एवढ्यावरच छोट्या छोट्या रचना ध्वनिमुद्रित करत होते. या इमारतीत आपलं संगीत वाजावं असं त्यांना वाटलं. त्यांनी तसं विचारलं आणि संग्रहालयानं ते लावलं. बघायला येणारे लोक चित्रांबरोबरच या आवाजाचीही चौकशी करू लागले आणि त्यातून १९८२ मध्ये 'म्युझिक फॉर नाइन पोस्ट कार्ड्स' ही तबकडी निघाली. नऊ रचना, नऊ पोस्टकार्डं. एकीत खिडकीबाहेर पाऊस आहे, एकीत शहरातला बर्फ, एकीत नुसते ढग. ही तबकडी काढणारं साउंड प्रोसेस हे लेबल सातोशी आशिकावा नावाच्या तिशीच्या आतल्या तरुणाचं होतं. टोकियोतल्या इकेबुकुरोच्या सेइबू डिपार्टमेंट स्टोअरमध्ये कलासंग्रहालयाला लागून आर व्हिवाँ नावाचं पुस्तकांचं आणि रेकॉर्डांचं दुकान होतं, तिथे त्यानं काम केलं होतं. परदेशातून येणारं चमत्कारिक संगीत गिऱ्हाइकांच्या हाती ठेवता ठेवता त्यानं स्वतःची 'वेव्ह नोटेशन' नावाची मालिका सुरू केली. पहिली तबकडी योशिमुरांची, दुसरी त्याची स्वतःची 'स्टिल वे', हार्प, पियानो, बासरी आणि व्हायब्राफोनवरची. तिसरी सात्सुकी शिबानो या पियानोवादिकेनं वाजवलेल्या एरिक सातीच्या रचनांची. ती निघाली तोवर आशिकावा या जगात नव्हता. १९८३ मध्ये मोटार अपघातात तो गेला, जेमतेम तिसाव्या वर्षी.

या मंडळींनी आपल्या संगीताला 'कांक्यो ओंगाकु' म्हटलं. कांक्यो म्हणजे पर्यावरण किंवा परिसर, ओंगाकु म्हणजे संगीत. मराठीत 'परिसर-संगीत' म्हणता येईल. ते का करावंसं वाटलं, हे आशिकावानं नीट लिहून ठेवलं आहे. भोवताली आवाज आणि संगीत इतकं साचलंय की माणसाला ते पचवता येईनासं झालंय, दुकानादुकानांतून वाहणारं मिळमिळीत पार्श्वसंगीत त्यात भरच घालतंय, असा त्याचा सूर होता. म्हणजे हे संगीत जन्मालाच आलं ते गोंगाटावरची तक्रार म्हणून. हे ठाऊक नसेल तर "जपानी लोक मुळातच शांत, झेन वगैरे, म्हणून त्यांचं संगीतही असं" हे ठरलेलं वाक्य तोंडात येतं. टोकियोच्या पाचिंको पार्लरचं, म्हणजे खणखणाटी जुगारयंत्रांच्या अड्ड्याचं, दार एकदा उघडलेल्या माणसाला किंवा निवडणुकीच्या काळात कर्णे लावून फिरणाऱ्या प्रचारगाड्या ऐकलेल्या माणसाला विचारा. गणपतीत पुण्यात राहिलेल्यांना वेगळं समजवायला नकोच. या संगीताच्या मुळाशी फ्रान्सचा साती आहे. एखाद्या फर्निचरसारखं खोलीत नुसतं असणारं संगीत त्यानं १९१७ पासूनच लिहून पाहिलं होतं. १९७८ मध्ये विमानतळासाठी संगीत करणारा ब्रायन ईनो आहे. थोडक्याच सुरांची पुनरावृत्ती करणारे अमेरिकन मिनिमलिस्ट आहेत, आफ्रिकेतलं लाकडी पट्ट्यांचं वादन आहे आणि जपानमध्येच बनलेले यामाहाचे सिंथेसायझर आहेत. बांबूच्या बनात बसलेला भिक्षू मात्र मला तरी कुठे भेटला नाही.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा, जो त्या रात्री कुणीच मांडला नाही. या संगीताचा बराचसा भाग कंपन्यांच्या पैशांवर झाला आहे. योशिमुरांची १९८६ ची 'सराउंड' मिसावा होम्स या तयार घरं बांधणाऱ्या कंपनीसाठी होती, नव्या घराच्या अंतर्गत सजावटीचा भाग म्हणून. १९८४ ची 'एअर इन रिसॉर्ट' शिसेइडो या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीसाठी. यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा या बँडमुळे गाजलेले हारुओमी होसोनो यांनी घरगुती वस्तू विकणाऱ्या मुजीच्या दुकानात वाजवायला संगीत करून दिलं. ताकाशी कोकुबोंची १९८७ ची 'गेट ॲट द वेव्ह' तर सान्योचा एअर कंडिशनर घेणाऱ्याला भेट म्हणून मिळायची. गार हवेबरोबर गार संगीत फुकट! मग यजमान मित्रानं असं म्हटलं असतं तर? "अरे, हे आधीपासूनच विकायच्या मालाला लावलेलं अत्तर होतं. तेव्हा फ्रिज-एसीवाल्यांनी वापरलं, आज मी झोपायला वापरतो. पावित्र्य कसलं?" हा मुद्दा मला मान्य आहे. बुडबुड्यासारख्या फुगलेल्या अर्थव्यवस्थेत कंपन्यांकडे पैसा ओसंडत होता, त्यातला काही ओघळ या संगीतकारांपर्यंत आला. तो आला नसता तर यातलं कितीतरी झालंच नसतं. मुजीचा तो तुकडा ऐकताना आपण एका दुकानाचं संगीत ऐकतोय हे विसरू नये.

पण कामासाठी केलेलं संगीत म्हणजे कमअस्सल, हे कुणी ठरवलं? जर्मन संगीतकार टेलेमाननं १७३३ मध्ये 'टाफेलम्युझिक' छापलं ते श्रीमंतांच्या जेवणाच्या टेबलाशेजारी वाजवण्यासाठी. आपल्याकडे शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावर नगारखाना आहे. तिथला चौघडा तिकीट काढून मांडी घालून ऐकायला कुणी जात नव्हतं. भूपाळी देवाला उठवायला असते, अंगाई पोराला झोपवायला. ही सगळी कामाचीच गाणी. त्यांना खालचा दर्जा द्यायची सवय आपल्याला सभागृहांनी लावली. कामाच्या संगीताची खरी पारख वेगळ्या प्रश्नानं होते. ज्या जागेसाठी केलं त्या जागेचा करणाऱ्यानं किती विचार केला? कोकुबोंचंच बघा. सान्योसाठी समुद्रावर तरंगणारे सूर करणाऱ्या याच माणसानं जपानमधल्या मोबाइलवर भूकंपाची आगाऊ सूचना देणारा आवाजही तयार केला. एक आवाज झोप आणणारा, दुसरा झोपेतून खडबडून उठवणारा, आणि दोन्हींमागे तीच समज: हा आवाज कुठे वाजणार, कोण ऐकणार, त्याच्या अंगावर काय उमटणार. योशिमुरांनीही टोकियोच्या नाम्बोकु मेट्रो मार्गासाठी स्टेशनावरचे सूचक सूर केले. यंत्राकडून तीन तासांचा पाऊस पाडून घेणाऱ्याच्या मनात कुठली जागा असते? मोबाइलच्या पडद्याखेरीज दुसरी कुठली मला तरी दिसत नाही.

दुसरा आक्षेप अल्गोरिदमच्या बाजूचा, आणि त्यातही तथ्य आहे. हे संगीत जगानं ऐकलं ते यूट्यूबमुळे. जपानी तालवाद्यवादिका मिदोरी ताकादा यांची १९८३ ची 'थ्रू द लुकिंग ग्लास' कुणा चाहत्यानं परवानगीविना चढवली आणि शिफारशींच्या त्या अदृश्य हातानं ती लाखो लोकांसमोर आणून ठेवली. लेबलांनी ती पुन्हा काढायच्या आधीच. जुन्या प्रती संग्राहकांच्या बाजारात शेकडो डॉलरना जात होत्या. मग लेबलांनी काय केलं, तयार गर्दीत दुकान मांडलं? अंशतः हो, मी नाकारत नाही. माझी स्वतःची या संगीताशी पहिली भेटही एका रात्री दोनच्या सुमाराला, कुणीही न मागितलेल्या शिफारशीतूनच झाली.

पण अल्गोरिदमनं शोध लावला असं म्हणणं म्हणजे तरंगत आलेला नारळ समुद्रानं पिकवला म्हणण्यासारखं आहे. त्याच्याआधी कुणीतरी ती तबकडी विकत घेतली होती, जपून ठेवली होती, सुईखाली ठेवून उतरवून घेतली होती. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या स्पेन्सर डोरान या संगीतकारानं २०१० मध्येच ऐंशीच्या दशकातल्या जपानी संगीताचा एक लांबलचक मिश्रसंग्रह करून सोडला होता. टोकियोचे रेकॉर्ड-दुकानदार ची शिमिझू यांनी २०१३ मध्ये असल्या हरवलेल्या तबकड्यांची जंत्रीच पुस्तक करून छापली. शिफारशींचं यंत्र नंतर त्या वाटेनं धावलं, वाट माणसांनी तुडवलेली होती. आणि यंत्रानं गर्दी जमवली, तरी ताकादांच्या हातात काय दिलं? त्या रेकॉर्डची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. मारिम्बा, घंटा, झांजा, हवेवर चालणारा रीड ऑर्गन, ओकारिना, इतकंच काय कोका-कोलाच्या बाटल्यासुद्धा, सगळं त्यांनी एकटीनं वाजवलं आणि दोन दिवसांत ध्वनिमुद्रण उरकलं. कंपनी बडी होती, आरसीए. तरी तबकडी खपली नाही आणि पुढची तीस वर्षं कंपनीच्या यादीतून गायब झाली. २०१७ मध्ये न्यूयॉर्कचं पाल्टो फ्लॅट्स आणि जिनिव्हाचं डब्ल्यूआरडब्ल्यूटीएफडब्ल्यूडब्ल्यू यांनी मिळून ती पुन्हा काढली. (या दुसऱ्या लेबलाच्या नावाचं पूर्ण रूप इथे छापण्यासारखं नाही. 'आम्हाला हवं तेच काढणार' असा त्याचा सभ्य अर्थ.) त्यानंतर पासष्टीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या ताकादा युरोप-अमेरिकेत मैफली करत फिरल्या. लाखो क्लिकांनी त्यांना रंगमंचावर आणलं नव्हतं. ते करार करून, हक्क सोडवून, नाव नीट छापून तबकडी काढल्यावर झालं.

लेबल नेमकं करतं काय, हे योशिमुरांच्या 'ग्रीन'वरून सगळ्यात चांगलं कळतं. ही १९८६ ची तबकडी मला त्यांच्या सगळ्या कामात जास्त आवडते. तिच्यातल्या रचनांची नावंच बघा: क्रीक, फील, शीप, स्लीप, ग्रीन, फीट, स्ट्रीट, टीव्ही. आठच्या आठ नावांत तो लांबलेला 'ई'. अर्थापेक्षा उच्चाराची ऊब धरून केलेली ही नावं आहेत, मुलाच्या बडबडगीतासारखी. ती अमेरिकेत निघाली तेव्हा तिथल्या न्यू एज, म्हणजे ध्यानधारणा-विश्रांतीचं संगीत घेणाऱ्या, गिऱ्हाइकाला रुचावी म्हणून तिच्यावर निसर्गाचे आवाज चढवले गेले, पाणी, पाखरं वगैरे. बरीच वर्षं कितीतरी लोकांनी हीच चढवलेली आवृत्ती मूळ समजून ऐकली, मीसुद्धा. २०२० मध्ये डोरान आणि मॅक्सवेल क्रोय यांच्या एम्पायर ऑफ साइन्स या लेबलानं सिएटलच्या लाइट इन द ॲटिकबरोबर ती पुन्हा काढली, तेव्हा योशिमुरांना स्वतःला पसंत असलेलं, पहिल्या जपानी तबकडीवरचं, निसर्गाचे आवाज नसलेलं ध्वनिमिश्रण वापरलं. पाखरं गेली. मला आधी चुकल्यासारखं झालं, खोटं कशाला बोलू. तिसऱ्यांदा ऐकताना लक्षात आलं की 'क्रीक'मध्ये ओढा सुरांमधूनच वाहतोय, वरून पाणी ओतायची गरजच नव्हती. आता सांगा, कुठलं अल्गोरिदम हा प्रश्न विचारणार होतं? त्याच्या दृष्टीनं पाखरांची आवृत्ती जास्त 'शांत' होती. पाखरं म्हणजे शांतता, हे समीकरण त्याला पाठ आहे. योशिमुरांना काय पसंत होतं हे विचारायला माणूस लागतो. ते २००३ मध्ये गेले होते, म्हणजे जुन्या तबकड्या पुन्हा ऐकून, घरच्यांशी बोलून ठरवणारा माणूस लागतो. पदरचे पैसे घालून हे करणारा तर आणखी दुर्मीळ.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त टोचतो. ही लेबलं कुठली? सिएटल, न्यूयॉर्क, जिनिव्हा. निवडणारे बहुतेक गोरे, बहुतेक पुरुष, बहुतेक संग्राहक. त्यांनी आपल्या कानाला गोड लागलेलं उचललं आणि तेच 'जपानी अँबियंट' म्हणून जगाला ठरवून दिलं. जे त्यांच्या चौकटीत बसलं नाही ते अजून कुठल्यातरी गोदामात आहे. याला इतिहासाचा आधारही आहे. १८५६ च्या सुमारास पॅरिसमध्ये फेलिक्स ब्राकमाँ या चित्रकाराला जपानहून आलेल्या मालात होकुसाई या जपानी चित्रकाराच्या चित्रांचं पुस्तक सापडलं, चिनी मातीची भांडी त्या कागदांत गुंडाळून आली होती, असं सांगतात. खरं-खोटं काहीही असो, पुढच्या वीस-तीस वर्षांत या लाकडी ठशांच्या चित्रांनी पॅरिस वेडं झालं. मोनेनं घराच्या भिंती त्यांनी भरल्या, व्हॅन गॉगनं शेकड्यांनी जमवली. पण जपानमध्ये ती रोजच्या करमणुकीची स्वस्त चित्रं होती, नटांची, कुस्तीगिरांची, बाजारबसव्यांची. पॅरिसला त्यांत पौर्वात्य गूढता दिसली. दीडशे वर्षांनी तेच नाटक नव्या संचात चाललंय का?

काही अंशी चाललंय. वेष्टनावरच्या मजकुरात 'झेन' आणि 'मा' (मधली रिकामी जागा) हे शब्द दिसले की माझ्या कपाळाला आठी पडते. तरी दोन गोष्टी विसरून चालणार नाही. एक, होकुसाईच्या वेळी चित्रं गेली, चित्रकारांची माहिती मागे राहिली आणि पैसा मधल्या व्यापाऱ्यांनी खाल्ला. इथे चांगल्या लेबलानं पहिलं काम केलं ते माहिती पाठवायचं. लाइट इन द ॲटिकनं २०१९ मध्ये डोरानच्या संपादनाखाली 'कांक्यो ओंगाकु' हा १९८० ते १९९० मधल्या संगीताचा संग्रह काढला. मिसावा, मुजी, सान्यो ही नावं माझ्यासारखीला ठाऊक झाली ती असल्या पुस्तिकांतूनच. गूढतेचं धुकं पसरवणाऱ्याला एअर कंडिशनरची जाहिरात सांगणं परवडत नाही, यांनी ती सांगितली. दुसरं म्हणजे, गोऱ्यांनी निवडलं हा आक्षेप खरा मानला तर त्यावरचा उपाय काय? निवडणारे वाढवणं हाच ना? नावच पुसून टाकणाऱ्या तीन तासांच्या व्हिडिओनं निवडणाऱ्याची सत्ता कमी होत नाही. ती फक्त दिसेनाशी होते आणि तिला जाब विचारायची सोय जाते. डोरानशी मी भांडू शकते, त्याच्या संग्रहात अमुक का नाही असं विचारू शकते. त्या व्हिडिओच्या मालकाला मी काय विचारू?

घरची वस्तू बाहेरच्या दुकानात सापडणं ही काही फक्त जपानची गोष्ट नाही. १९७७ मध्ये व्हॉयेजर अंतराळयानांवर एका सोनेरी तबकडीतून पृथ्वीचं संगीत पाठवायचं ठरलं, तेव्हा संगीताचे अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी आग्रह धरला तो केसरबाई केरकरांच्या भैरवीचा, 'जात कहाँ हो'. गोव्याच्या केरी गावातून आलेल्या आणि मुंबईत कीर्ती मिळवलेल्या या गायिकेची ती तबकडी तोवर बाजारातून नाहीशी झाली होती. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या चमूतल्या ॲन ड्रायन यांना ती शेवटी मिळाली न्यूयॉर्कच्या लेक्झिंग्टन अव्हेन्यूवर, एका भारतीय कुटुंबाच्या घरगुती उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात. व्हॉयेजर १ सप्टेंबरच्या पाच तारखेला निघालं, केसरबाई त्याच महिन्याच्या सोळाला गेल्या. कंपनीनं ती तबकडी छापत राहायला हवी होती हे खरंच. पण छापली नव्हती, आणि तेव्हा उपयोगाला आलं ते कुणीतरी फेकून न दिलेलं खोकं. त्याच सोनेरी तबकडीवर जपानचं शाकुहाची या बांबूच्या बासरीचं वादनही आहे, गोरो यामागुचींचं. दोन्ही तुकड्यांची नावानिशी नोंद आहे. कोण ऐकणार हे ठाऊक नसतानाही कोण गातंय याची नोंद कुणाला फालतू वाटली नाही.

राहिला पैशांचा मुद्दा. कपाटवाल्या मित्राचं "तबकडी आण" हे सांगणं आपल्याकडे अगदीच पोकळ आहे. परदेशातून एक तबकडी मागवली तर टपालखर्च आणि जकात धरून किमतीत चांगलं दोघांचं बाहेरचं जेवण होतं, आणि एवढं करून पावसाळ्यात ती वाकते. मी आयुष्यात अशा तीनच मागवल्या, त्यातली एक वाकडीच आली. पण लेबलाच्या वाटेनं जाण्यासाठी तबकडीच लागते असं कुठे आहे? बहुतेक लेबलं डिजिटल फाइल थेट विकतात आणि ती बऱ्याचदा परवडते. तेही नको असेल तर फुकट ऐकतानाही एवढं करता येतं: आवडलेल्या रचनेचं लेबल कुठलं ते बघायचं आणि त्या लेबलाची यादी चाळायची. मी 'सराउंड' पुन्हा काढणाऱ्या टेम्पोरल ड्रिफ्टपर्यंत अशीच पोचले. याच वाटेनं जिवंत, कामात असलेली माणसंही भेटतात. चिहेई हाताकेयामा गिटारचे सूर विरघळवून धुकं करतात आणि व्हाइट पॅडी माउंटन हे स्वतःचं लेबल चालवतात. सुसुमू योकोता २०१५ मध्ये गेले, पण स्वतःच्या स्किनटोन या लेबलावर त्यांनी काढलेली 'साकुरा' अजून नव्या माणसाला दर वर्षी सापडते. अल्गोरिदम मला योशिमुरांनंतर पुन्हा योशिमुराच देत राहिलं, किंवा त्यांच्यासारखं वाजणारं निनावी काहीतरी. कुणाच्या शेजारी कोण उभं आहे, हे लेबलाच्या यादीनं दाखवलं.

आणि पाण्याचं म्हणाल, तर पाण्याला आपण नाव विचारतोच की. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर आला की पहिला प्रश्न कुठला असतो? "कुठून भरून आणलं?" विहिरीचं की बोअरचं की आणखी कुठलं, हे कळल्याशिवाय कुणी पोराच्या तोंडाला पेला लावत नाही. दिसायला सगळं पारदर्शकच असतं.

परवा यजमान मित्राचा फोन आला. त्या व्हिडिओत दुसऱ्या तासात कुठेतरी चार-पाच मिनिटांचा एक तुकडा होता, चढत जाऊन मध्येच थांबणारा. तो त्याच्या डोक्यात बसला होता आणि बायकोला ऐकवायचा होता. पण व्हिडिओ आता तिथे नव्हता. त्याच चित्राचे, त्याच पावसाचे दहा-बारा नवे आले होते आणि ते सगळे त्यानं पुढेमागे सरकवून पाहिले होते. "तुला येतो का गं ओळखायला?" म्हणत त्यानं मला तो फोनवर गुणगुणून दाखवला. मी तीनदा ऐकला. नाव असतं तर सांगितलं असतं.